आधी आई दाखवा

मॉरीन फेअरनकडे कुणी पिल्लू मागायला आलं, की आधी त्याचीच उलटतपासणी व्हायची. कुंपण किती उंच आहे, दिवसभर घरी कोण असतं, याआधीचं कुत्रं कशानं गेलं. लेकीच्या वाढदिवसाला पिल्लू हवंय म्हणणाऱ्याला ती चहा पाजून वाटेला लावायची. पहिल्या फेरीत तर पिल्लू कुणालाच मिळत नसे. घरी जा, विचार करा, तरी हवंच असेल तर पुन्हा या. एस्क नदीच्या खोऱ्यात ती चाळीस वर्षं बॉर्डर टेरियर जातीची कुत्री वाढवत होती. या काळात तिनं जितकी पिल्लं दिली, त्याहून जास्त माणसं परत पाठवली असतील.

गेल्या वर्षी तिनं विल्फ बेनलाही परत पाठवलं होतं. विल्फ गावातलाच, ऐंशीला टेकलेला. बायको गेल्यावर टोपी हातात धरून दारात उभा राहिला. म्हणाला, "घर खायला उठतं गं, मॉरीन."

"पिल्लू पंधरा वर्षं जगेल, विल्फ. तू जगशील का?"

विल्फनं टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. मॉरीन बोलली ते खरंच होतं. पण खरं बोलताना जरा हळू बोलावं, हे काही तिला कधी जमलं नाही.

तिचा सगळ्यात आवडता धडा मात्र वेगळाच होता. दर उन्हाळ्यात खोऱ्यात जनावरांची जत्रा भरते. तिथं कुत्र्यांच्या तंबूत, गवताच्या गठ्ठ्यावर चढून ती लोकांना दम भरायची, "आधी आई दाखवा म्हणा! लबाड लोक कुत्र्यांना अंधाऱ्या गोठ्यात कोंडून विणी काढतात आणि पिल्लं नीटनेटक्या घरात आणून विकतात. आई फिरायला गेलीय म्हणतील, डॉक्टरकडे आहे म्हणतील, परवाच वारली म्हणतील. सगळ्या थापा! चहालासुद्धा थांबू नका. उठा आणि चालू लागा."

आणि या वसंतात तिची कुत्री टॅन्सी खरोखरच वारली. पिल्लं झाल्यावर तिसऱ्या दिवशी. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरनं हात टेकले. मॉरीननं पाचही पिल्लं बाटलीनं वाढवली, स्वयंपाकघरातल्या फरशीवर गादी टाकून. चार पिल्लं जुन्या ओळखीच्यांकडे गेली. त्यांनी टॅन्सीला पाहिलेलं होतं. उरली एक मादी, गळ्यात हिरवी लोकर बांधलेली. तिला मॉरीन नुसतं हिरवी म्हणायची. नाव नवीन घरानं ठेवायचं, हाही तिचाच नियम.

"ठेवून घे की तिला," शेजारची डॉट म्हणाली. डॉट दर गुरुवारी केक घेऊन यायची आणि निम्मा स्वतःच खाऊन जायची.

"मी एकोणऐंशी वर्षांची आहे, डॉट."

"म्हणजे आता तूच विल्फ झालीस म्हण!"

डॉट हसली. मॉरीनला हसू आलं नाही. हिरवी तिच्या मांडीवर झोपली होती, टॅन्सीच्या पांघरुणात. ते पांघरूण मॉरीननं धुतलंच नव्हतं. टॅन्सीचा वास आता तेवढ्याच एका चिंधीत उरला होता. पिल्लू ठेवावं असं तिला इतकं वाटत होतं, की तिला स्वतःची भीती वाटू लागली. म्हणून तिनं दुसऱ्याच दिवशी पिल्लासाठी विचारणाऱ्या, वर्किंग्टन शहरातल्या एका मुलीला बोलावलं.

मुलीचं नाव जेमा लिडल. बिस्किटांच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी, आणि घरी दिवसभर आई. कुंपण बापानं नुकतंच दुरुस्त केलेलं. उलटतपासणीत पोर कुठंच अडखळली नाही. हिरवी तर थेट तिच्या बुटाची नाडी ओढत बसली. मॉरीननं चहा ओतला.

"आणि हिची आई?" जेमानं विचारलं.

मॉरीनचा हात थांबला. "वारली गं. पिल्लं झाल्यावर."

जेमाचा चेहरा उतरला. तिनं नाडी हळूच सोडवून घेतली आणि उठून उभी राहिली. चहाला तिनं हातही लावला नव्हता.

"माफ करा हं, मिसेस फेअरन. पण तुम्हीच सांगितलं होतंत. मी होते त्या तंबूत. माझं आधीचं पिल्लू मी एका गाडीतळावर घेतलं होतं. आई परवाच वारली म्हणाला तो माणूस. चार दिवसांत गेलं हो ते, माझ्या हातात. पुन्हा नाही सोसायचं मला."

आणि ती गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ! मॉरीन खुर्चीत तशीच बसून राहिली. खरं सांगायचं तर तिला आधी आनंदच झाला. हिरवी राहिली, आणि ठेवण्याचं पाप काही तिच्या माथी आलं नाही. मग तिची नजर त्या भरलेल्या कपाकडे गेली. चाळीस वर्षांत तिनं शेकडो लोकांना सांगितलं, उठा आणि चालू लागा. ऐकून खरंच उठलेली तिच्या डोळ्यांदेखतची ही पहिलीच. हिरवीसाठी याहून चांगलं घर कुठून आणणार होती ती?

ती घरातल्या सपाता घालूनच फाटकापर्यंत धावली. गाडी वळत होती.

"माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस!" ती धापा टाकत म्हणाली. "खाली गावात जा. जनावरांच्या डॉक्टरला विचार. त्याच्याच टेबलावर गेली हिची आई. मग काय ते ठरव."

जेमानं मान हलवली. गाडी उतारावरून खाली गेली. मॉरीन खिडकीत बसली. ती पोर परत यावी असं तिला वाटत होतं, आणि परत येऊ नये असंही वाटत होतं. दुसरं जास्त.

जेवणवेळ टळून गेल्यावर फाटक वाजलं.

जेमा दारातच उभी राहिली. "डॉक्टर म्हणाले, तुम्ही टॅन्सीला हातातून खाली ठेवायलाच तयार नव्हता. शेवटी त्यांनीच तुम्हाला घरी आणून सोडलं."

"फार बोलतो तो डॉक्टर," मॉरीन म्हणाली.

पहिल्या फेरीत पिल्लू द्यायचं नाही, पण ही दुसरी फेरीच झाली म्हणायची. तिनं हिरवीला उचलून जेमाच्या हातात दिलं. सांभाळता आलं नाही तर रस्ता धरायचा तो इथलाच, हे बजावलं. मग तिला आठवलं. नवीन घरी पिल्लू रडू नये म्हणून आईच्या वासाचं कापड सोबत द्यायचं असतं. आजवर एकाही पिल्लाला तिनं त्याशिवाय पाठवलं नव्हतं. आधीच्या चौघांना कापून दिलं, म्हणून तर त्या पांघरुणाची चिंधी झाली होती.

खुर्चीवरून तिनं ती उचलली.

जेमाला कळलं. "निम्मी द्या. कात्री आहे का?"

"तिला पहिली रात्र काढायची आहे. सगळीच लागेल."

"आणि तुम्ही? घरी कोण असतं तुमच्या?"

हा प्रश्न आजवर मॉरीननंच सगळ्यांना विचारला होता. तिला कुणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"गुरुवारी डॉट येते," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर तिनं जेमाचा गार चहा ओतून टाकला आणि कप धुतला. मग खुर्चीत बसून तिनं स्वेटरच्या बाह्या नाकाशी धरल्या. त्यांना फक्त साबणाचा वास येत होता.