आमच्या दुकानाची नवी कपाटं

आमचे हे म्हणतात, "तुला 'आज काय झालं' एवढं विचारायचीसुद्धा सोय नाय. भाजी करपते." खरं हाय ते. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकाच्या दुकानात मी सहा वर्षं झाली कामाला आहे, अन् एक गोष्ट सांगायला घेतली की तिच्या पदराला धरून दुसरी येते. त्यात मागच्या वर्षी पाच महिने दुकान बंद ठेवून सगळं नवं केलं. तेव्हा तर गोष्टी दुप्पट झाल्या! सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच काढते. शिक्षण माझं सातवीपर्यंत. गंगापूरकडच्या आमच्या गावात शाळाच तेवढी होती. चुकलं तर समजून घ्या.

माणसं आधी सांगते. काका म्हणजे मालक, पंचाहत्तरीचे. मुग्धाताई त्यांची मुलगी, पुण्याची नोकरी सोडून दुकान सांभाळायला आलेल्या. रशीदभाई शहागंजचे सुतार. अन् माझी ओवी, तीन वर्षांची. घरी तिला बघायला कुणी नाही, म्हणून ती माझ्यासोबत दुकानात.

माझं काम झाडपूस, चहापाणी, अन् दुपारी काकांना डुलकी लागली की गिऱ्हाईकाला पुस्तक काढून देणं. ताईंनी आल्या आल्याच सांगितलं होतं, नव्या दुकानात कॉम्प्युटर येणार, काउंटरवर शिकलेलं माणूस लागणार, अन् दिवसभरासाठी एकच माणूस ठेवता येईल. मग माझं काय? "सकाळी दोन तास झाडपूस करून जाशील बहुतेक. बघू." मनानं लई चांगल्या आहेत त्या, वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. पण तो 'बघू' पाच महिने माझ्या डोक्यातून हलला नाही. पुढचं सगळं वाचताना तो 'बघू' तिथंच आहे असं समजा.

*

पहिलं काम, सगळी पुस्तकं खोक्यात भरून शहागंजच्या एका खोलीत नेऊन ठेवायची. ताईंनी मला मार्कर दिला अन् म्हणाल्या, खोक्यावर विषय लिही.

आता अडचण अशी, की काकांनी पुस्तकं विषयावर कधी लावलीच नव्हती. माणसांवर लावली होती. एक निवृत्त तहसीलदार पहिल्यापासून यायचे, त्यांना आवडायची तसली पुस्तकं म्हणजे 'तहसीलदार' कपाट. जाडजूड कादंबऱ्या म्हणजे 'माहेरवाशीण', सुट्टीला आली की एक घेऊन जाणार अन् निघायच्या आत संपवणार. घरी भांडण करून आलेल्या माणसासाठी हसायची पुस्तकं, त्या कपाटाचं नाव 'रुसवा'. मला तीच नावं ठाऊक, मी तीच लिहिली. तहसीलदारांचं कपाट सगळ्यात मोठं. तहसीलदार एक, तहसीलदार दोन, असे अकरा खोके झाले.

टेम्पोवाल्यानं ते अकराच्या अकरा दाराशी रचले, नावं बाहेरून दिसतील असे.

तिसऱ्या दिवशी मी गेले, तर शेजारचा कापडवाला हळूच विचारतो, "साहब कब आ रहे?" अन् पायरीवर एक बाई सकाळपासून बसलेली, हातात सातबाऱ्याचा अर्ज. मी तिला कुलूप काढून आतलं दाखवलं, म्हटलं मावशी, साहेब नायत, नुसती पुस्तकं हायत.

तिनं खोक्यांकडं बघितलं, अर्ज माझ्या हातात दिला अन् म्हणाली, "मंग ह्यांच्यातच ठेवा. कुणी वाचंल तरी."

*

दुकान बंद झालं तरी काका घरी बसेनात. रोज दहाला यायचे, बंद शटरपुढं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. मागं शटरवर ताईंचा बोर्ड, 'नूतनीकरणासाठी दुकान बंद आहे.' आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला करमत नसेल.

आठ दिवसांनी कळलं, खुर्चीखाली कापडी पिशवी असायची. येणारा-जाणारा ओळखीचा थांबला की काका पिशवीत हात घालणार अन् त्याच माणसाचं पुस्तक बाहेर काढणार. ताईंनी पकडलं तेव्हा दिवसातलं सहावं चाललं होतं.

"बाबा, बोर्ड वाचलात का? दुकान बंद आहे."

"दुकान बंद आहे," काका म्हणाले. "मी कुठं बंद आहे?"

*

काम सुरू झाल्यावर माझा जीव सगळा ओवीत. खाली खिळे, पटाशी, रंगाचे डबे, अन् दाराबाहेर गाड्यांची गर्दी. मी तिच्या पायात घुंगराचे वाळे घातले, तरी भरवसा वाटेना. म्हणून दर दोन मिनिटांनी हाक मारायची, "ओवी?" तिनं जिथं असेल तिथून "ओ" द्यायचा. ताई एकदा वैतागून म्हणाल्या, अगं तिला खेळू दे. पण आईचं मन, काय करता. एकदा तिनं मुद्दाम 'ओ' दिला नाही तर माझ्या हातातला चहाचा ट्रेच पडला.

एक दिवस मला खोक्यांसाठी शहागंजला जावं लागलं. तासभर लागला. धावत परत आले तर दारातूनच ऐकू आलं. रशीदभाई फळीवर रंधा मारतायत, मान वर न करता म्हणतायत, "ओवी?" कोपऱ्यातून, "ओ." परत रंधा. परत, "ओवी?"

मला बघून म्हणाले, "बेटा, ड्यूटी चालू है."

पुढच्या आठवड्यात ते सिडकोत एका बंगल्याचं काम करून आले. चेहरा पडलेला. म्हटलं काय झालं? म्हणे, "आदत हो गई ना. उधर भी आवाज देता रहा. शाम को मालकिन पूरे घर में ढूँढ के आई, बोली, भाई, ये ओवी कौन है, कब आई?"

*

ह्याच रशीदभाईंनी मुलांचं कपाट केलं. ताईंनी पुण्याहून नकाशा करून आणला होता, त्यात मुलांची वरची फळी चार फुटांवर. रशीदभाईंनी नकाशा बघितला, घडी घातली, खिशात ठेवला. मग ओवीला भिंतीला लावून उभं केलं, हात वर करायला लावले, अन् बोटं पोचली तिथं पेन्सिलीनं रेघ मारली.

ताई चिडल्या. म्हणाल्या, नकाशा काय उगाच केलाय का?

"नक्शा अच्छा है मॅडम," रशीदभाई म्हणाले, "लेकिन नक्शे को किताब उतारनी नहीं है."

 मग रशीदभाईंच्या घरात लग्न निघालं, काम थांबलं. दीड महिन्यानं आले अन् ओवीला परत रेघेखाली उभं केलं, तर बोटं रेघेच्या बोटभर वर! रशीदभाई बराच वेळ डोकं खाजवत उभे. शेवटी ताईंनीच निकाल दिला. जुनी रेघच धरा, म्हणाल्या, ओवी मोठी झाली तरी तिच्यामागून बारकी येतीलच की.

*

कॉम्प्युटरची गंमत सांगते. पुस्तकं परत आली, मी नाव वाचायचं, ताईंनी आत भरायचं, अन् कपाट अन् खान्याचा नंबर टाकायचा. वीस दिवस हेच. जोडाक्षरांशी मी लई झटापट केली, पण वाचली सगळी. ताई म्हणाल्या, आता कुठलंही पुस्तक विचारा, हा एका सेकंदात सांगेल कुठं आहे.

काकांनी परीक्षा घ्यायला एक जुनं नाव सांगितलं. कॉम्प्युटर म्हणाला, कपाट चार, खाना दोन. ताई गेल्या, नाही. खाना तीन बघितला, नाही. सगळं कपाट उपसलं.

मी काकांच्या खुर्चीवरची उशी उचलली अन् खालून काढून दिलं. ते परवा दुपारी वाचता वाचता झोपले होते ना.

ताईंनी कॉम्प्युटरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "त्याला काय म्हाईत, काका कुठं झोपतात."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना वाटलं, असलं सांगायला कोण पगार देतं?

*

उघडायच्या दिवसाआधी मी फरशी अशी घासली की तोंड दिसावं. तिथंच चूक झाली. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्या फरशीकडं बघितलं अन् बिचाऱ्यानं चपला बाहेर काढल्या. त्याचं बघून दुसऱ्यानं. तासाभरात औरंगपुऱ्याच्या भर रस्त्यावर चपलांचा ढीग! अन् आपल्याकडं चपलांचा ढीग दिसला की माणूस काही विचारत नाही, आपलीही काढतो अन् रांगेला लागतो. दोन पोलीससुद्धा येऊन बघून गेले.

गंगापूरहून माझे आई-आबा एस्टीनं आले होते. आईनं सगळीकडं बघितलं अन् विचारलं, "ही समदी तूच लावली?" मी नुसती मान हलवली.  आबांनी फळीवर हात ठेवून जोरानं दाबून बघितलं, बाज विणून झाल्यावर बघतात तसं. मग म्हणाले, "पक्कं हाय." आमच्या आबांकडून एवढं म्हणजे लई झालं. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

त्या रांगेत एक आजी होत्या. सगळ्या कपाटांपुढून हात जोडत शेवटी काउंटरशी आल्या अन् काकांना विचारलं, प्रसाद कुठंय? काकांनी एक पातळसं पुस्तक त्यांच्या हातावर ठेवलं. म्हणाले, हाच. आजींनी ते कपाळाला लावलं अन् पदरात बांधून नेलं.

आठ दिवसांनी आजी परत आल्या. "संपला," म्हणाल्या. "दुसरा द्या."

*

तोवर काचेवर ताईंनी कागद लावला होता, 'काउंटरसाठी पाहिजे. पदवीधर. कॉम्प्युटर येणे आवश्यक.' तो लावताना चिकटपट्टी मीच कापून दिली होती. रोज काच पुसताना त्या कागदाच्या कडेकडेनं पुसायची.

पंधराएक दिवसांनी ताई बँकेत गेल्या होत्या, काका जेवायला. एक मुलगी आली, नीटनेटकी, हातात फाईल. "मॅडम, इंटरव्ह्यूसाठी आले."

मला जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी मॅडम नाय असं म्हणणार, तेवढ्यात तिनं फाईल उघडून माझ्यापुढं ठेवलीसुद्धा. सगळी इंग्रजी. एम.कॉम. एवढं कळलं. आता गप्प तरी किती बसायचं? मी पानं उलटली अन् म्हटलं, चला, दुकान दाखवते. सगळी कपाटं दाखवली, कोण कधी येतं, कुणाला काय लागतं, कुणाला उन्हातून आल्यावर आधी पाणी द्यायचं. अन् तोंडातून एक प्रश्नही निघून गेला. तिनं उत्तर दिलं. मी 'बरं' म्हटलं. ती घाम पुसत गेली.

मग मला घाम फुटला. ताईंना कळलं तर सकाळचे दोन ताससुद्धा जातील. मी कुणाला काही बोलले नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन वाजला. ताई म्हणाल्या, "कोणत्या मॅडम?" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. मी ओवीला कडेवर घेऊन मागच्या कपाटाआड उभी.

"सुनीता, इकडं ये. ती मुलगी म्हणते, तुमच्या मॅडमनी इंटरव्ह्यू घेतला, त्यात मी नापास झाले वाटतं. काय विचारलंस तू तिला?"

मी ओवीला घट्ट धरून पुढं आले. म्हटलं, "ताई, एकच विचारलं. एखादा माणूस रोज येतो, तासभर उभ्यानं पुस्तक वाचतो अन् न घेता जातो. त्याचं काय करशील?"

"मग?"

"ती म्हणाली, सांगेन, ही लायब्ररी नाही."

"अन् तू काय करतेस?"

"मी चिठ्ठीवर पान नंबर लिहिते, पुस्तकात घालते अन् पुस्तक खालच्या खान्यात बाजूला ठेवते. दुसऱ्या दिवशी त्याला हुडकावं लागू नये म्हणून."

"असं कधीपासून करतेस?"

"पहिल्यापासून."

"मग ते पुस्तक विकलं कधी जायचं?"

"शेवटची वीस-तीस पानं राहिली की घेतात ताई. घरी निवांत संपवायला. आजवर एकानंच नाय घेतलं. त्याची बदली झाली."

काका इतका वेळ पेपर तोंडापुढं धरून होते. त्यांनी तो खाली केला अन् म्हणाले, "आणि मला वाटत होतं, पुस्तकं मी विकतो."

ताई उठल्या, दारापाशी गेल्या, काचेवरचा कागद नखानं काढला अन् त्याचा चोळामोळा केला. चिकटपट्टीचे चार डाग काचेवर तसेच राहिले. नवी काच, मला बघवेना. मी ओवीला खाली ठेवलं अन् ओलं फडकं आणायला वळले.

"तू बस," ताई म्हणाल्या. "पुसायला आता दुसरं कुणीतरी बघू."