दाजींचा कोहिनूर

खड्यांवर माझा कधीच जीव नव्हता. पंजाबातल्या एका गावात मी तीस वर्षं गलाईचं दुकान चालवलं, म्हणजे लोकांचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून दिलं. विट्याच्या आसपासची आमची माणसं हेच काम करत देशभर पांगलेली आहेत. आधीच्यांनी मेंढरं राखली, आम्ही भट्ट्या राखल्या. दागिना आला की आधी चिमट्यानं खडा उचकटायचा, कागदाच्या पुडीत बांधायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. वजन त्यानंतर. खडा हिऱ्याचा असो नाहीतर काचेचा, आमच्या लेखी तो कचराच. त्या कचऱ्यापायी भल्याभल्यांनी डोळे पुसलेले मी पाहिलेत आणि मनातल्या मनात हसलोही आहे.

आमच्यात आणखी एक रीत होती. सोनं कुणाचं, हे विचारायचं नाही. जो आणील त्याचं. आमच्या वडिलांनी, आबांनी, मला दुकानात बसवलं त्याच दिवशी सांगितलं होतं, "इचारत बसलास तर भट्टी थंड पडंल." मी ते पाळलं आणि त्याचा मला अभिमानही होता.

आक्का माझी थोरली बहीण. तिला साताऱ्यात दिली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, शाळेत इतिहास शिकवत. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, देवळाच्या पायरीवर बसून सरकार पाडतात. दाजींनी कोहिनूर धरला. तो लंडनहून परत आणायला त्यांनी एक समिती काढली. अध्यक्ष ते स्वतः, बाकीचे चौघे चहापुरते.

त्यांचं व्याख्यान मी पहिल्यांदा ऐकलं ते माधवनगरच्या एका शाळेत. मी तेव्हा कायमचा गावी परतलो होतो आणि वेळ जाता जात नव्हता. दाजी छाती फुगवून सांगत होते आणि मी मागच्या बाकावर बसून हिशेब लावत होतो की या दगडाच्या एकातरी मालकानं कधी त्याची किंमत मोजली का? एकानंही नाही. गोवळकोंड्याकडच्या कुठल्या खाणीत तो निघाला म्हणे. ज्यानं मातीतून उचलला त्याचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही. मग तो दिल्लीच्या तख्तात बसला. इराणचा लुटारू आला, तो घेऊन गेला. त्या लुटारूच्या नातवाच्या डोक्यावर जडजवाहिरापायी वितळलेलं शिसं ओतलं, असं दाजी म्हणाले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वितळलेला धातू काय असतो हे मला विचारा. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा एक थेंब अजून आहे.

पुढं अफगाण. एका भावानं दुसऱ्याचे डोळे फोडले. तिसरा जीव वाचवायला लाहोरला आला, तर तिथल्या राजानं पाहुणचाराच्या नावाखाली त्याला कोंडून ठेवलं आणि हिरा काढून घेतला. तो राजा हा दगड दंडावर बाजूबंदात मिरवायचा. लोक त्याला थोर म्हणतात. असेल बाबा. पाहुण्याला कोंडणाऱ्याला आमच्या गावात वेगळं नाव आहे.

शेवटी इंग्रज. राजा गेल्यावर गादीवर बसलेला दहा वर्षांचा मुलगा, त्याची आई आधीच दूर नेऊन ठेवलेली. त्याच्यापुढं कागद सरकवला आणि सही घेतली. पुढं तो मुलगा विलायतेत मोठा झाल्यावर राणीनं तोच हिरा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्यानं तो तिला परत अदबीनं दिला. म्हणजे चोरी पुन्हा एकदा, चहापाण्यासकट. राणीच्या नवऱ्याला तर त्याची चमकच पुरेना. त्यानं तो पुन्हा घासायला लावला आणि जवळजवळ निम्मं वजन उडवलं. एवढी घट आमच्या दुकानात आली असती तर गिऱ्हाइकानं मला उलटा टांगला असता.

"सही घेतली म्हणजे दान होत नाही!" दाजी टेबलावर मूठ आपटून ओरडले. मग हात वर करून त्यांनी विचारलं, "सांगा, हा हिरा कुणाचा?"

"आपला!" अख्खी शाळा गरजली.

आपला कसा ते मला कळलं नाही. पण टाळ्या मीही वाजवल्या.

गेल्या दिवाळीनंतर दाजी एकटेच गावी आले. आक्का तेव्हा महाबळेश्वरला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. जावई तिथं टॅक्सी चालवतो. दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्यापुढं उलगडला. आत पाटल्यांची जोडी होती.

मी बघताक्षणी ओळखली. आबांनी दुकानातली झाडलोटीची माती वर्षानुवर्षं धुऊन, तिच्यातून कण कण निघालेलं सोनं साठवून, आक्काच्या लग्नासाठी केलेली ती जोडी. एका पाटलीला आतून हातोडीचा चुकलेला ठोका होता. आक्का तो अंगठ्यानं चाचपत बसायची. त्या घरात भांडी सासूची, भिंती नवऱ्याच्या, पाटल्या तेवढ्या तिच्या. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना टोचतील म्हणून ती त्या कपाटात ठेवून गेली असणार.

"बाजूबंद करायचाय," दाजी म्हणाले. "कोहिनूरची प्रतिकृती. काचेचा खडा पुण्यातून मागवलाय. आता राजाचा हिरा पितळेत कसा बसवायचा? सोनारानं शुद्ध लगड मागितलीय."

सातारचा सोनार बाईमाणसाच्या दागिन्याबद्दल चार प्रश्न विचारेल आणि मी विचारणार नाही, हे दाजींना पक्कं ठाऊक होतं. फोन माझ्या खिशात होता. आक्काचा नंबर त्यात पहिला आहे. मी परसातली छोटी भट्टी पेटवली, मुशीत पाटल्या टाकल्या, वर सवागी, म्हणजे टाकणखार, भुरभुरली. ठोक्याची खूण आधी गेली. मी तीस वर्षांच्या सवयीनं एवढंच म्हणालो, "घट लागंल थोडी, दाजी."

महिन्याभरात साताऱ्यात मोठी सभा झाली. आक्का पहिल्या रांगेत. हातांत काचेच्या बांगड्या. मी तिच्या शेजारी बसलो तेव्हा ती म्हणाली, "पाटल्या लॉकरात ठेवल्यात म्हनं ह्यांनी. हात लय मोकळा मोकळा वाटतोय बघ." मी व्यासपीठावरच्या हारांकडं बघत राहिलो. माझ्यासारखा हलकट माणूस त्या सभागृहात दुसरा नव्हता, आणि तिथं दोन आमदार होते.

दाजींनी सगळे राजे क्रमानं मारले. सहीनं दान होत नाही, हे मूठ आपटून सांगितलं. मग मखमलीचं फडकं उचललं. बाजूबंद झगझगला, मधोमध लिंबाएवढी काच.

"या कार्यासाठी आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या माहेरच्या पाटल्या स्वखुशीनं दिल्या!"

टाळ्या पडल्या. आक्काचा अंगठा मनगटावर गेला, काचेवर फिरला आणि थांबला.

"सांगा," दाजींनी हात वर केला, "हा कुणाचा?"

"आपला!"

आक्का उठली. ती काही बोलणारी बाई नव्हे. उभ्या जन्मात तिनं दाजींना चारचौघांत उलट शब्द दिला नव्हता. पायऱ्या चढून ती टेबलाशी गेली. लोकांना वाटलं सत्काराला चाललीय, म्हणून टाळ्या वाढल्या. तिनं बाजूबंद उचलला आणि माईकसमोर नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आवं, खडा तुमचा. सोनं माजं हाय."

दाजींच्या चेहऱ्यावरचा एकेक राजा खाली उतरत गेला. "अगं, देशाचं काम..." ते पुटपुटले.

"मला कवा इचारलंत?" मग ती माझ्याकडं वळली. "ये रं हिकडं. चिमटा आसंल की खिशात. काढ त्यो खडा."

चिमटा होता. गलाईवाल्याच्या खिशात तो मरेपर्यंत असतो. मी वर गेलो. काम सवयीचं. काच उचकटली, सभेच्या निमंत्रणपत्रिकेची पुडी केली, बांधली आणि रीतीप्रमाणं दाजींच्या हातात ठेवली. त्यांनी ती घेतली आणि कोटाच्या आतल्या खिशात जपून घातली. एवढं झाल्यावरही खड्यालाच जपला तो माणूस. त्या क्षणी मला त्यांची जेवढी कीव आली तेवढी कुठल्याच बादशहाची आली नाही.

बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो. माझ्या अंगात आता फार बळ आलं होतं. मी दाजींना शिव्या घातल्या, राणीला घातल्या, तिच्या नवऱ्याला घातल्या. आक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"आटवलं कुनी?" तिनं विचारलं.

मी रिक्षा येतेय का ते रस्त्याकडं बघू लागलो.

"ठोका दिसला आसंल तुला."

"दिसला."

"मग?"

"आपल्या धंद्यात इचारत न्हाईत, आक्का."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी ज्या नजरेनं व्याख्यानातल्या राजांकडं बघत होतो, तीच नजर होती. रिक्षा आली. तिनं पदराआड बाजूबंद धरला आणि आत बसली. मला सरकून जागा दिली नाही.

त्यानंतर मी तीनदा साताऱ्याला गेलो. दर वेळी म्हणतो, दे, तशाच पाटल्या करून आणतो, आबांच्या वजनाच्या. घट माझ्या पदरची घालीन. ठोकासुद्धा तिथंच मारीन. ती चहा देते, भाचीच्या बाळाचं सांगते. बाजूबंद तिच्या कपाटात साडीच्या घडीत आहे, मधोमध रिकामा.

"आता इचारतोयस नव्हं?" गेल्या खेपेला ती म्हणाली. "मग ऐक. न्हाई."