उठा, चपला घाला

समोर नसलेल्या माणसाबद्दल कुणी बोलायला लागलं, की आक्का खाटेखाली पायानं चपला चाचपायच्या. "तो इथं हाय का? न्हाई ना? मंग उठा, चपला घाला. त्यालाच पुसू, आन् तिथंच प्रार्थना करू."

सांगणाऱ्याचा उत्साह तिथंच मावळायचा. आमच्या लातूरच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतली निम्मी भांडणं या चपलांनी मिटवली. सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्या एका सासूला आक्कांनी भर उन्हात सुनेच्या दारापर्यंत चालवत नेलं होतं. वाटेत सासू म्हणाली, "आक्का, तसं लई काही न्हाई हो. पोरगी गुणाची हाय."

"मंग हेच तिच्या तोंडावर सांगा. आलंच की घर."

आक्का दवाखान्यात आया होत्या. बायबल बोट फिरवत, अडखळत वाचायच्या. पण कुणाच्याही घरी आजारपण आलं, की पहिलं बोलावणं त्यांना जायचं.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि नळाला थेंब नव्हता. चर्चच्या आवारातल्या विहिरीवर आम्ही जाळी बसवून कुलूप लावलं. घराला दोन घागरी, असा नियम. किल्ली आक्कांकडे. मी शाळेत मास्तर आणि मंडळीचा सेक्रेटरी, म्हणून दुसरी किल्ली माझ्या कपाटात पडून होती. ती माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात नव्हती.

माझं घर आवाराला लागून. दारात म्हैस होती. भर दुपारी गल्ली निजली, की मी कुलूप काढून तिच्यासाठी पाणी शेंदायचो. आठ-दहा दिवसांत विहीर तळाला गेली आणि कुजबुज सुरू झाली.

रविवारी उपासनेत कुणीही उठून प्रार्थना करावी, यासाठी थोडा वेळ असतो. मी उठलो. "प्रभू, जिच्या हाती किल्ली आहे, त्या आमच्या बहिणीला क्षमा कर. तिला मोहापासून राख."

प्रार्थनेला कुणी उलट उत्तर देत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. सगळ्यांनी डोळे मिटूनच "आमेन" म्हटलं. त्यात आक्कांचाही आवाज होता.

संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. किल्ली माझ्या हातावर ठेवली. "मास्तर, तुमच्याबद्दल दुसऱ्यापाशी बोलायचं न्हाई म्हणून इथं आले. मिटा डोळे."

त्यांनी पावसासाठी प्रार्थना केली, माझ्या लेकरांसाठी केली. मग म्हणाल्या, "आन् बापा, या घरच्या म्हशीलाबी पाणी दे. मुकं जनावर हाय."

पाण्याअभावी बाकीच्या आटल्या होत्या; गल्लीत तेवढी एकच म्हैस दूध देत होती. मी डोळे उघडले तेव्हा त्या फाटकाबाहेर पोचल्या होत्या.

मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर प्रार्थनेला आक्कांना कमी बोलावणी यायला लागली. पुढे तर त्यांच्या खाटेपाशी कुणी बसेना. दोन-तीन वर्षांनी भाची त्यांना देगलूरला घेऊन गेली.

मी गेलो तो फार उशिरा, नोकरी संपल्यावर. आक्का खाटेवर बसल्या होत्या, पण कुणाला ओळखत नव्हत्या. भाची चहा टाकायला आत गेली. एवढ्या लांब येऊनही 'मी' हा शब्द तोंडातून निघेना. म्हणालो, "आक्का, आपल्या मंडळीत एक मास्तर होता. विहिरीचं पाणी त्यानं चोरलं आणि भर उपासनेत आळ तुमच्यावर घातला."

आक्कांनी मान वर केली. "तो इथं हाय का?"

मी दाराकडे पाहिलं.

"न्हाई ना? मंग ऊठ, चपला घाल." त्यांचे पाय खाटेखाली चाचपायला लागले. चपला तिथं नव्हत्या. त्या एकट्याच बाहेर पडतात म्हणून भाचीनं लपवून ठेवल्या होत्या. सुजलेली पावलं फरशीवर इकडून तिकडं फिरत राहिली. शेवटी मी खाली बसून ती हातांनी थांबवली.

"आक्का, तो इथंच आहे. मीच तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटली असं वाटलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात त्या गेल्या, त्यामुळे ते कधी कळणारही नाही. त्या रविवारी ज्यांनी "आमेन" म्हटलं, त्यांच्यातले मोजकेच आता उरलेत. त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहिलं.

त्या दिवशी देगलूरला आक्कांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालं लेकरा," त्या म्हणाल्या, "लांब जावं लागलं न्हाई. मीट डोळे."