कोरडा हौद आणि एक नामंजूर रजा

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत कपाळाला टाकेही पडले. त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहे. पुसट होत नाहीत ती एका पाटीत शेजारी शेजारी ठेवलेली दोन मेलेली करडे. ती पाटी डोक्यावर घेऊन एक माणूस भर दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात आला होता. या प्रकरणातल्या कोणाचेही नाव मी लिहिणार नाही. काही जण हयात आहेत, आणि काहींची मुलेबाळे त्याच गावात राहतात.

तेव्हा मी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औद्योगिक भागातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. ओळीने दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. शहर मात्र वाढतच होते. काल ज्या माळावर गुरे दिसत होती तिथे आज गोदाम, शोरूम नाहीतर सोसायटीची पाटी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आमच्या स्टेशन डायरीत निम्म्या नोंदी टँकरवरच्या मारामाऱ्यांच्या. अशा दिवसांत कोणी मेलेली करडे घेऊन आला तर ठाण्यात त्याचे काय स्वागत होणार? आमच्या हवालदाराने त्याला जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. तो हलेना, म्हणून मी आत बोलावले.

माणूस पन्नाशीचा, पिशोरकडचा, मेंढपाळ घरातला. चारापाणी संपल्यावर मेंढरे विकून तो बायकोसह शहरात आला होता आणि एका गोदामावर रखवालदार म्हणून राहत होता. सोबत एक शेळी आणि तिची दोन करडे होती. गोदामाच्या मागे पाण्याचा मोठा हौद जमिनीत बांधलेला होता. पाणीच नसल्यामुळे तो कोरडा होता, आणि ऊन चुकवायला हा शेळी-करडे त्यात बांधायचा.

"सायेब, ह्यांनी इख खाल्लं नाय," तो म्हणाला. "तोंडाला फेस नाय, पोट फुगलं नाय. दोन्ही करडं खाली बसली व्हती, ती गेली. माय हुबी व्हती, ती वाचली. म्हंजी जे काय हाय ते खाली हाय."

"काय असणार खाली?"

"आतमदी मोठ्या टाक्यातून बारक्या टाक्यात ग्यास भरत्यात. त्या दिशी लई फुस्स-फुस्स आवाज येतो. माझी बायको बी दुपारची त्याच हौदात सावलीला टेकती, सायेब. आज करडं गेली, उंद्या ती जाईल."

मी त्याची तक्रार अदखलपात्र म्हणून लिहून घेतली. तरी मनाला चुटपुट लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन गोदामावर गेलो. आत फ्रिज आणि एसीत भरायच्या गॅसचे सिलिंडर रचलेले होते. माल परदेशातून आलेला, कागदपत्रे व्यवस्थित, प्रत्येक सिलिंडरवर सरकारने परवानगी दिलेल्या नव्या गॅसचे लेबल. पंचनाम्यात पोलीस डोळ्यांना दिसेल ते लिहितो. मला लेबल दिसले, मी लेबल लिहिले. शेळी दुसरीकडे बांध, असे रखवालदाराला सांगून मी परत आलो. प्रकरण माझ्या लेखी मिटले होते.

ते उघडले आमच्या ठाण्यातल्या बिघडलेल्या वॉटर कूलरने. तो दुरुस्त करायला छावणीतला एक म्हातारा मेकॅनिक आला होता. मूळचा सिल्लोडचा, पण चाळीस वर्षे छावणीच्या बाजारात दुकान. सगळे त्याला उस्ताद म्हणत. हवालदार त्याला गंमत म्हणून करडांची गोष्ट सांगत होता. उस्तादने पाना खाली ठेवला.

"साब, हसने की बात नई है," तो मला म्हणाला. "ये गैस हवा से भारी रहती. पानी के जैसी नीचे जाके बैठती. खाली हौद मिला तो हौद भर जाता, दिखता नई. उसी गोदाम का माल मैं भी लिया था. लेबल नया, अंदर क्या है अल्ला जाने. मेरे हाथ से दो मशीनां गए. गिराइकां मेरेकू चोर बोलरैं."

"आत दुसराच गॅस आहे हे सिद्ध कसे करणार?"

"लेबल नक्को देखो साब. लौ देखो."

त्याची फिर्याद मी फसवणुकीची म्हणून नोंदवली. माल परदेशी, म्हणून सीमाशुल्क विभागाला कळवले. त्यांचा एक अधिकारी, पंच, उस्ताद आणि मी असे पुन्हा गोदामावर गेलो. उस्तादने पिशवीतून एक जुनी पितळी बत्ती काढली. वर तांब्याची चकती, बाजूला लांब रबरी नळी. पूर्वी गळती शोधायला मेकॅनिक हीच बत्ती वापरत. त्याने ती पेटवली. लौ, म्हणजे ज्योत, निळी होती. "नया गैस रहा तो लौ नीलीच रहती," असे सांगून त्याने एका सिलिंडरची चावी जराशी सैल केली आणि नळीचे तोंड तिथे नेले.

ज्योत हिरवी झाली. साधीसुधी नाही, मोरपिसासारखी हिरवी. उस्तादने लगेच बत्ती विझवली आणि सगळ्यांना बाहेर काढले, कारण त्या ज्योतीचा धूर विषारी असतो. लेबलवरच्या नव्या गॅसमध्ये क्लोरीन नसते, आणि क्लोरीनशिवाय ज्योत अशी हिरवी होत नाही, हे सीमाशुल्क अधिकाऱ्याने पंचांना समजावले. मग त्याने मला बाजूला घेऊन बाकीचे सांगितले. जुन्या फ्रिजमध्ये असायचा तो गॅस वर जाऊन सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोनचा थर पातळ करतो. म्हणून जगातल्या देशांनी मिळून तो बनवणे बंद केले. पण जुनी यंत्रे चालूच असतात, त्यांना तो लागतो, आणि बंदी आली की चोरवाट तयार होते. परदेशातून तोच गॅस नव्या गॅसच्या नावाने निघतो आणि आपल्या बंदरातून आत येतो. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालाने त्याचे म्हणणे खरे ठरवले.

मला तेव्हा आकाशापेक्षा माझा पंचनामा जास्त आठवत होता. त्यात माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, ते खोटे लेबल खरे म्हणून उतरलेले होते. लाज वाटली.

गोदाम ज्यांचे म्हणून सगळे ओळखत, त्या शेठना चौकशीला बोलावले. ते वेळेवर आले, खुर्चीत नीट बसले, चष्मा पुसला आणि एक फाईल माझ्यासमोर सरकवली. आयातीचा परवाना, फर्मची नोंदणी, बँकेचे खाते, सगळे एकाच माणसाच्या नावावर होते. फोटोही होता. करडांची पाटी घेऊन आलेला रखवालदार त्यातून माझ्याकडे बघत होता.

"मी फक्त जागेचा मालक," शेठ म्हणाले. "भाडेकरू आत काय धंदा करतो, ते मला कसं माहीत असणार साहेब?"

रखवालदाराला विचारले. "कामावर ठेवताना रेशनकार्ड घेतलं, फोटू घेतला, चार ठिकाणी सह्या घेतल्या," तो म्हणाला. "नोकरीचे कागुद म्हनले."

"वाचले नाहीस?"

"नोकरी देनाऱ्याला कोन म्हनतं सायेब, थांबा, वाचू द्या?"

मला तो खरा वाटत होता. पण कागद त्याच्या विरुद्ध होते, प्रकरण वरपर्यंत गेले होते आणि आरोपी कुठे आहे असे रोज फोन येत होते. मी त्याला अटक केली. ज्याने खबर दिली तोच आरोपी क्रमांक एक झाला. न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.  कोठडीत जाताना तो हवालदाराला एवढेच म्हणाला, "बायकोला सांगा, हौदात बसू नको म्हनावं."

ती बाई शेळी घेऊन ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मी तिच्यापाशी गेलो आणि विचारले, "शेठनं तुझ्या नवऱ्याला कामाला ठेवलं याचा काही कागद आहे का? पगाराची चिठ्ठी, काहीही?"

"पगार हातात देत्यात. कागुद नाय." मग म्हणाली, "एक हाय. पर त्यो द्यायचा नाय."

"का?"

"त्यो ह्यांच्या थोरल्या भावाला दावायचाय."

बरेच समजावल्यावर तिने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक वहीच्या पानाची घडी काढली. सासू गावी वारली होती. कळले तोवर अग्नी दिला गेला होता, निदान दहाव्याला जावे म्हणून नवऱ्याने रजा मागितली. शेठ म्हणाले, तोंडी चालणार नाही, अर्ज दे. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाने वाकड्यातिकड्या अक्षरात अर्ज लिहिला: आई वारली आहे, दोन दिवस गावी जाऊ द्यावे. खाली लाल शाईत शेठचे अक्षर होते: "नामंजूर. परवा माल उतरायचा आहे. गोदाम सोडून जाऊ नये." त्याखाली सही आणि तारीख.

तो गेला नाही. तेव्हापासून भावाने त्याच्याशी बोलणे टाकले. आई मेली तरी शहर सुटलं नाही, असे गावभर झाले. पुढे कधीतरी भावाच्या पुढ्यात ठेवता यावा म्हणून त्याने हा कागद जपला होता.

लाल शाईतल्या तारखेनंतर बरोबर दोन दिवसांनी तो परदेशी माल गोदामात उतरल्याची नोंद वाहतुकीच्या पावतीवर होती.

"परत देताल ना?" तिने विचारले.

"देईन," मी म्हणालो.

त्या दुपारी मी शेठना पुन्हा बोलावले. या वेळी फाईलकडे पाहिले नाही. एवढेच विचारले, "शेठ, तुमचा भाडेकरू त्याच्या रजेचा अर्ज तुमच्याकडे का देतो? आणि तुम्ही तो नामंजूर कसा करता?" अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. माणसे खोटे कागद फार काळजीने तयार करतात, आणि खऱ्या कागदांवर रागाच्या भरात सही करून टाकतात. शेठनी चष्मा काढला, पाणी मागितले. संध्याकाळपर्यंत परदेशातला पाठवणारा, बंदरावरचा दलाल आणि वाटेवर असलेले आणखी दोन कंटेनर, सगळे जबाबात आले. ते दोन्ही कंटेनर सीमाशुल्क विभागाने बंदरातच अडवले. छावणीच्या बाजारात उस्तादने मेकॅनिकांना जमवून सांगितले की माल घेण्याआधी बत्ती लावा. त्यानंतर आमच्या हद्दीत तरी तसा माल आल्याचे ऐकले नाही.

रखवालदाराविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी न्यायालयात दिला आणि तो सुटला. पुढे तो साक्षीदार झाला. वर्षभराने तो ठाण्यात आला.

"सायेब, त्यो कागुद?"

"केस चालू आहे. मूळ कागद न्यायालयात आहे. निकालानंतर मिळेल."

"बरं," म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. मी तेच उत्तर दिले, आणि उत्तर कायद्याने अगदी बरोबर होते.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा टेबल आवरताना खणात माझ्या शिपायांचे जुने रजेचे अर्ज सापडले. कोणाचे लग्न, कोणाचे बाळंतपण, कोणाचा बाप आजारी. बऱ्याच अर्जांवर माझ्याच अक्षरात एक शब्द होता, नामंजूर. मी त्यातल्या एकालाही बोलावून काही विचारल्याचे मला आठवेना.  मग न्यायालयात अर्ज करून त्या कागदाची प्रमाणित नक्कल काढली आणि रखवालदाराला घेऊन त्याच्या गावी गेलो.

थोरला भाऊ ओट्यावर बसला होता. त्याने आम्हाला बसा म्हटले नाही. मी कोण ते सांगितले आणि नक्कल त्याच्या हातात दिली. त्याने ती बोट लावून वाचली. लाल शाई नकलेत काळी झाली होती, पण शब्द तेच होते. त्याने पुन्हा एकदा वाचली. मग धाकट्याकडे न बघता म्हणाला, "तवाच का नाय आनला ह्यो कागुद? चार सालं तुला बोल लावतोय मी."

धाकटा काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला वाचवत होता.

"तो माझ्याकडे होता," मी म्हणालो. "मी घेतला होता."

थोरला आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तो धाकट्याच्या हातात दिला. मग ओट्यावर त्याच्यासाठी सरकून जागा केली.

हे प्रकरण मला काय शिकवून गेले असे लोक विचारतात. लेबल म्हणजे माल नव्हे आणि कागदावरचे नाव म्हणजे माणूस नव्हे, हे मी भाषणांत सांगत आलो. पण परतीच्या वाटेवर सिल्लोडपर्यंत मी त्यातले काहीच आठवत नव्हतो. आमच्या ठाण्याच्या फाटकासमोरच एक झेरॉक्सचे दुकान होते. रखवालदाराच्या बायकोने ती घडी माझ्या हातात दिली त्या दिवशीही ते उघडे होते. कागद जप्त करण्याआधी त्याची एक प्रत काढून तिच्या हातात द्यायला मला दोन मिनिटे लागली असती. ते मला चार वर्षांत सुचले नाही.