इस्पितळाच्या जंगलातला बघण्याचा कार्यक्रम

चाळिशीला टेकलेल्या मुलीला बघायला कुणी जंगलात बोलावतं का, हा आईचा सवाल होता. पण मुलाने फोनवर साफ सांगितलं होतं, घरी नको, पोहे खाऊन खाऊन कंटाळलोय. इंदूरचा माणूस पोह्यांना कंटाळतो म्हटल्यावर आईला त्याची चौकशीच करायची होती. मला मात्र तो हवा होता. फोनवर बोलून बोलून मी पार खुळावले होते.

भीती एकच होती. मला हसू आवरत नाही, आणि मी हसले की चारचौघांच्या माना वळतात. आत्तापर्यंतची स्थळं त्यापायीच गेली. "मुलगी चांगली आहे, पण गंभीर नाही," असे निरोप यायचे. रिक्षात आईने बजावलं, "आज दात दाखवलेस तर याद राख."

ते जंगल म्हणजे क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळाची जागा. इस्पितळ बंद पडलं आणि झाडं अशी माजली, की आता कुंपण घालून ते राखीवच केलंय. वानरांमुळे खाण्याचं काही आत नेता येत नाही. आईने तरीही पोहे आणलेच होते, त्यामुळे ती आणि त्याचा दादा डबा राखत फाटकाशी बसले. आम्ही दोघंच आत गेलो. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

वॉर्डाच्या उरलेल्या भिंतीवर अजून 'शांत रहें' लिहिलेलं होतं. मी ओठ घट्ट मिटले. रोग्यांनी उन्हात बसावं म्हणून केलेल्या सिमेंटच्या बाकावर आम्ही दोन टोकांना टेकलो. तो काहीबाही विचारी, मी नुसतं हं म्हणे. त्याचा चेहरा उतरत चाललेला दिसत होता, तरी तोंड उघडायची माझी छाती होईना.

तेवढ्यात एक थोराड वानर आलं आणि आमच्या मधल्या जागेत बसलं. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने आधी मला न्याहाळलं, मग मान वळवून नवरदेवाला. नवरदेव सावरून बसला आणि त्याने हात जोडले.

"नमस्कार काकाजी. नोकरी पक्की आहे जी, सांवेर रोडला. पान-गुटखा काही नाही. बाकी आप देख लो."

मी फुटलेच. हसता हसता बाकावरून खाली आले. पोपटांचा थवा उडाला, वानर रागावून झाडावर गेलं, तरी माझं आपलं चालूच. मग भानावर आले. गेलं, हेही स्थळ गेलं. तो उठला आणि भराभर फाटकाकडे निघाला, मी मागोमाग.

माझा आवाज फाटकापर्यंत पोचला होता. आईने आधीच माफी मागायला सुरुवात केली, "तशी समजदार आहे हो, जरा सवय आहे तिला..."

"काकू," तो म्हणाला, "आई गेल्यापासून आम्ही दोघे भाऊ टीव्ही लावून जेवतो. बघत कोणीच नाही. घरात आवाज असावा, बस. आता टीव्ही नको."

आईने पदर डोळ्यांना लावला, आणि मला पुन्हा हसू फुटलं.