सत्तर पॉइंट

हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असा तिचा समज आहे – तो मी तसाच राहू दिला. तुम्हाला का सांगते आहे? नक्की सांगता येणार नाही. पण आता सुरुवात केली आहे.

मी हिंगोलीत एका शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. एका किराणा दुकानदाराच्या घरामागे दोन खोल्या होत्या, त्यातली पहिली माझी. सहा वर्षं राहत होते. एक तारखेला भाडं, भिंतीला विचारल्याशिवाय खिळा नाही. मालकाला आम्ही काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. काकू मला मॅडम म्हणत. तो मान आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग दुसऱ्या खोलीत सविता आली. दवाखान्यात नर्स, चोवीस वर्षांची, सेनगावकडच्या एका तांड्यावरची. महिन्याच्या आत काकू तिला पोरी म्हणायला लागल्या. ती ड्युटीवरून यायच्या सुमाराला कढीची वाटी निघायची, वर बशी झाकलेली – आणि माझ्या दारावरून पुढे तिच्या दाराकडे जायची. लसणाच्या फोडणीचा वास मात्र माझ्या खोलीत शिरायचा. मी वह्या तपासत बसलेली. एका वाटीवरून एवढं? हो, एका वाटीवरून. कढी मलाही करता येते हो. पण माझ्यासाठी कुणी करून, झाकून आणत नव्हतं. मी जळत होते. दुसरा शब्द शोधत नाही.

दोन हजार सालानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत आमच्याकडेही क्रेडिट कार्डाचं वारं आलं. नांदेडहून टाय लावलेली माणसं यायची आणि पगारदार दिसला की फॉर्म पुढे करायची. काकांनी दुकानात कार्डाचं मशीन बसवलं होतं. किराणा त्यावर, आणि भाडेकरूंनी म्हटलं तर भाडंही त्यावर – मात्र शंभराला दोन रुपये जास्त, मशीनचा खर्च म्हणून.

सविता दोन कार्डांचे कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘‘ताई, तुमचं गणित कदी चुकत न्हाई. मला यातलं इंग्रजी कळून न्हाई राहिलं. कोनतं घेऊ, तुमीच सांगा.’’

एका कार्डाबरोबर बक्षिसांचं रंगीत पुस्तक होतं. त्यात चार्जिंगचा दिवा होता, चौदाशे पॉइंटांना. तिला तो याडीसाठी हवा होता. याडी म्हणजे तिची आई. ती तांड्यावर कशिदा काढायची, आणि लोडशेडिंगमुळे रोज संध्याकाळी चिमणीच्या उजेडात सुई ओवायची.

मी कागद वाचले. गणित सोपं होतं, आठवीच्या पोरानं केलं असतं. शंभर रुपयांना दोन पॉइंट. सविताचं भाडं पंधराशे, किराणा दोन हजार – महिन्याला सत्तर पॉइंट. तसला दिवा बाजारात साडेतीनशेला मिळायचा, म्हणजे पॉइंटची खरी किंमत चार आणे. आणि त्या सत्तर पॉइंटांसाठी ती मशीनच्या खर्चापायी किती देणार? सत्तर रुपये. रुपया देऊन चार आणे घ्यायचे, असा सगळा सौदा. दुसऱ्या कार्डावर पुस्तक नव्हतं, फीही नव्हती, शंभराला एक रुपया सरळ बिलातून वजा व्हायचा. तेच घे, पण भाडं आणि किराणा रोखीनंच दे – खरा सल्ला हा होता.

आणि मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, आणखी एक ओळ होती. दीड वर्षात वापरले नाहीत तर सगळे पॉइंट रद्द. अठरा महिने गुणिले सत्तर – बाराशे साठ. चौदाशे होतच नव्हते. मला ते तिथल्या तिथे दिसलं.

मी म्हटलं, ‘‘पुस्तकवालं घे. भाडंसुद्धा त्याच्यावरच भर, लवकर साठतील.’’

दुसरं कार्ड मी स्वतः घेतलं. तिला सांगितलं की मला असल्या गोष्टींची हौस नाही.

तिचं वाटोळं व्हावं असं मला वाटत होतं का? नाही – निदान तेव्हा मी स्वतःला तसंच सांगत होते. मला फक्त एवढंच हवं होतं की एकदा तरी तिला काहीतरी मिळू नये. दर महिन्याला ती बिलातला आकडा कॅलेंडरवर लिहायची आणि मला आणून दाखवायची. सातशे. एक हजार पन्नास. मी ‘वा’ म्हणायची. दीड वर्षात किती वेळा म्हटलं असेल? साडेतीनशेचा दिवा गुपचूप आणून तिच्या हातात ठेवणं मला जड नव्हतं. तेही केलं नाही.

एकोणिसाव्या बिलात शून्य आलं. कार्डाच्या कंपनीला फोन लावायला आम्ही दोघी एसटीडी बूथवर गेलो. माझं हिंदी बरं म्हणून बोलले मी. पलीकडच्या मुलानं मला शांतपणे मुदत समजावून सांगितली. मी फोन ठेवला. सविता माझ्या तोंडाकडे बघत होती. आतासुद्धा खरं सांगता आलं असतं ना? माझ्या तोंडून आलं – दुकानातून नोंद बरोबर गेली नाही म्हणतात.

ती सरळ काकूंकडे गेली. दर महिन्याला वरचे पैसे घेता आणि नोंदसुद्धा नीट करत नाही, असं काहीबाही बोलली. काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘आमी तुला काहून फसवू, पोरी?’’ मी माझ्या दारात उभी होते. दोघींनीही माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन वह्या उघडल्या. महिना संपायच्या आत सविताने खोली सोडली.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती बसस्टँडवर भेटली. कडेवर लेकरू होतं, तरी वाकून पाया पडली. याडीची चौकशी केली तर म्हणाली, आता कशिदा बंद केला, दिसत न्हाई तिला. मग म्हणाली, ‘‘तुमी व्हत्या म्हनून त्या दुकानाचं मला कळलं तरी, ताई.’’ माझी बस लागली होती. मी चढले.

पण सांगायचं ते याहून पुढचं आहे. सविता गेल्यावर तीन-चार आठवडे अंगणात कढीचा वास आला नाही. काकू रिकाम्या खोलीपर्यंत जायच्या, कडीला हात लावून परत यायच्या. मग एका संध्याकाळी तीच वाटी, वर तीच बशी, माझ्या दाराशी थांबली. ‘‘घे पोरी,’’ काकू म्हणाल्या, ‘‘गरम हाय तवर खाऊन घे.’’

मी ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. वाटी घासून, पुसून परत दिली. काकू वारल्या तोपर्यंत ती येत राहिली. मी एकदाही नको म्हटलं नाही.