राहातेकरणीचं रक्त

राहातेकरीण त्या आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायची. गावात दुसरं कुणी घेत नसे. 'त्याला तसलं झालंय' म्हणायचे आणि इकडंतिकडं बघायचे. ती मात्र गिरणीत, टाकीवर, देवळापुढं, कुठंही 'एचआयव्ही' म्हणायची, लांब गेलेल्या म्हशीला हाक मारावी तसं. एकदा गिरणीवाला म्हणाला, "तुझं दळान शेवटी घेतो, आधी बाकीच्यांचं हू दे." ती म्हणाली, "का रं भाऊ, पिठालाबी हुतो का एचआयव्ही? मंग गिरणीचंच रक्त तपासून आन की." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. दळण त्यानं शेवटीच घेतलं.

ती माझी थोरली जाऊ. माहेर राहात्याकडचं, म्हणून राहातेकरीण. आमच्यात सुनेला माहेरच्या गावानं ओळखतात. मी तिला आक्का म्हणायचे. तिच्याकडं कालव्याचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पलीकडं, कोरडं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. बागायतातली पोरगी जिरायतात का दिली, याची कुजबुज तिच्या लग्नापासून होती. कारण साधं होतं. तिच्या बापाला पोरी फार, आणि माझे थोरले दीर ट्रक चालवायचे, पगार होता. सासूबाईंना ते कधी पटलं नाही. "चांगला माल कुनी उन्हात टाकीत न्हाई," असं त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या.

मी नवी नवरी होऊन आले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. माझं बोलणं तीच बोलायची. "आत्याबाई, धाकलीला भूक लागलीया. तिला लाज वाटती, मला न्हाई वाटत, म्हनून मी सांगते." मग दोघींना भाकरी मिळायची. शिव्या तिला एकटीला मिळायच्या.

दीर खंगत गेले आणि नगरच्या दवाखान्यात वारले. जाण्याआधी दोघांचं रक्त तपासलं होतं. तिलाही निघालं. लेक सविता तीन वर्षांची, तिला नव्हतं. त्या काळी या आजाराच्या गोळ्या आमच्यासारख्यांच्या हाती येत नसत. तेरावा झाला आणि सासूबाई भरल्या घरात म्हणाल्या, "हिनंच आनलं. हिच्या माहेराकडं देवाला देशभरची मानसं येत्यात. कुनाकुनाचं काय काय आनलं आसंल." ट्रक घेऊन महिना महिना बाहेर राहणाऱ्या पोराबद्दल कुणी बोललं नाही. पुढं त्याच ट्रकवर जाणारे आणखी दोघे गेले. त्यांच्या बायका राहात्याच्या नव्हत्या. एकीला पांढऱ्या पायाची म्हणाले. दुसरीला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. ज्या त्या घरानं आपापली सून शोधून काढली.

आक्काला शेतातल्या पत्र्याच्या शेडात ठेवलं. सविता घरात राहिली. आक्काला कायमचं राहात्याला धाडायचं आणि पोरगी आम्ही ठेवून घ्यायची, असं ठरलं. आक्का भांडली नाही, रडली नाही. तिला फक्त पोरगी हवी होती.

तेवढ्यात पुण्याकडून डॉक्टर लोक रक्त गोळा करायला आले. माझं शिक्षण चौथीचं. मला कळलं तेवढंच लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या विषाणूच्याही जाती असतात, आपल्या भागात कोणकोणत्या फिरतात ते बघायचंय. आक्कानं दंड पुढं केला आणि विचारलं, "म्हंजी कुनाकडनं आला ते कळंल?" त्या म्हणाल्या, "नाही हो बाई, तसं नाही कळणार." पण आक्कानं 'जाती' ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही. आमच्याकडं ज्वारीचं कणीस बघून बी कुठल्या गावचं ते सांगतात. तिनं रोगालाही तोच हिशेब लावला. घरी येऊन ती सासूबाईंना म्हणाली, "राहात्याचा आसंल तर राहात्याचा निघंल, लांबच्या रोडवरचा आसंल तर रोडवरचा. तवर थांबा. रोडवरचा निघाला तर पोरगी माझी."

"आन राहात्याचा निघाला तर?" सासूबाई म्हणाल्या.

"तर मी मागं वळून बघनार न्हाई."

सासूबाई थांबल्या. त्यांनाही खात्री होती.

ते दिवस आक्काचे सगळ्यात आनंदाचे म्हणावे लागतील. शेडापुढं तिनं सवितासाठी झोका बांधला. झोका देताना ती हसायची ते पार घरापर्यंत ऐकू यायचं. "धाकले, आता रक्तच बोलंल," म्हणायची. "मानसांचं बोलनं लई ऐकलं."

पुढं आक्काच्या तपासणीला आम्ही दोघी नगरला गेलो तेव्हा त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. आक्कानं उभ्याउभ्याच विचारलं, "माझा कुठला निघाला?" बाईंनी तिला बाकावर बसवलं. म्हणाल्या, "पाथर्डीचा, राहात्याचा, पार पुण्याकडचा, सगळा जवळजवळ एकाच घराण्यातला निघालाय. थोडाफार फरक आहे. पण त्यावरून कुणी कुणाला दिला, हे कुणालाच सांगता येणार नाही."

"रोडवरचाबी त्योच?"

"तोही तोच."

परतीच्या जीपमध्ये बसलो. मी म्हटलं, "आक्का, घरी रोडवरचा निघाला म्हणून सांग. कोण बघायला येतंय?" आयुष्यात मी दुसऱ्याला शिकवलेली ती एकच गोष्ट. ती म्हणाली, "खोटं बोलून पोरगी घेतली, तर त्या म्हंत्यात ते खरंच की."

ओट्यावर सासूबाई वाट बघत होत्या, चार बायकाही जमल्या होत्या. आक्का म्हणाली, "सगळ्यांचा एकच निघाला. ह्यांचा, माझा, रोडवरचा, राहात्याचा. समदे एकाच घराण्यातले."

सासूबाई म्हणाल्या, "राहात्याचाबी त्योच ना? मंग झालं तर."

बायकांनी माना हलवल्या. आक्का एकेकीकडं बघत म्हणाली, "आवं, समद्या मुलखाचा एक हाय म्हंते मी. मंग मला एकटीलाच का भाईर काढता?" बायका पदर सावरत उठल्या. उत्तर नको होतंच कुणाला. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. जीप निघाली तेव्हा सविता झोक्यावर होती. आक्कानं तिला हाक मारली नाही.

ती मेली नाही. सगळे वाट बघत होते, तरी नाही. पुढं सरकारी गोळ्या फुकट मिळू लागल्या, ती त्या घेत राहिली, पेरूच्या बागांतून मजुरी करत राहिली. सासूबाई गेल्या, पण त्यांचं बोलणं सविताच्या तोंडात राहिलं. "माझ्या आईनं बापाला खाल्लं," असं ती सहज म्हणते, कांदा चिरता चिरता. मी एकदा सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, तुमचा तिच्यावर जीव हुता, म्हनून तुमाला तसं वाटतं."

यंदा सविताचं लग्न झालं. मुलाकडच्यांना आई लहानपणीच वारली असं सांगितलं होतं. मी फोनवर आपणहून कुणाशी बोलत नाही, पण लग्नाआधी आक्काला फोन केला आणि तेही सांगितलं. मला वाटलं, रडेल.

"बरं केलं," ती म्हणाली. "मेलेल्या बाईला कुनी रक्त विचारीत न्हाई." मग विचारलं, "हळद पहिली कोन लावनार?"

"मी."

"मानंला हळू लाव. लई गुदगुल्या हुत्यात तिला."

हळदीला मी सविताच्या मानेला हात लावला, तशी पोरगी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी हसली. आमच्या शेजारची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "हसनं बगा, आगदी आजीचं."

सासूबाईंना हसताना मी कधी पाहिलं नाही.